तबला चाळीस वर्षं वाजवायचा तर: वाद्य, हात आणि ठेका

कार्यक्रम सातचा. साडेसहाला गायक येतात, चहाचा कप हातात घेतात आणि म्हणतात, "आज काळी एक नको, काळी दोन धरू." काळी एक, काळी दोन म्हणजे पेटीच्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीचे सूर, आणि तुमच्यापुढं काळी एकला लावलेला एकुलता एक तबला. अर्धा स्वर खालीवर करणं पाच मिनिटांचं काम आहे. पूर्ण स्वर वर चढवणं म्हणजे पुडीशी, तबल्यावर ताणलेल्या कातड्याशी, जुगार. पुडी ताणली जाते, मधल्या काळ्या शाईला तो ताण झेपत नाही आणि दुसऱ्या गाण्यात "ना" या बोलाच्या मागं बारीक खरखर ऐकू येते. ती मग जात नाही.

भजनी मंडळात हौसेनं वाजवणारा असो की बिदागीवर घर चालवणारा, अनेक वर्षं टिकतो तो सुरात लागलेल्या तबल्यावर आणि न हलणाऱ्या ठेक्यावर, म्हणजे तालाच्या पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या मूळ बोलांवर. कायदे, रेले, गती या एकट्यानं वाजवायच्या रचनांची यादी कितीही मोठी असली तरी दुसऱ्यांदा फोन येतो तो या दोन गोष्टींसाठी. म्हणून इथं त्यांवरच जास्त बोलू.

तबले किती ठेवायचे

तबल्याचं तोंड जितकं रुंद तितका सूर खाली. साधारण हिशेब असा: सव्वापाच इंची तोंड पांढरी दोन ते काळी दोनला बोलतं, साडेपाच इंची पांढरी एक ते काळी एकला, आणि सहाच्या आसपासचं खालच्या काळी चार-पाचला. लाकडी खोडाची जाडी आणि पुडीचं कातडं यांमुळे थोडं इकडंतिकडं होतं, म्हणून विकत घेताना मोजपट्टीवर विसंबू नका, पेटी किंवा तानपुरा सोबत न्या. प्रत्येक तबल्याचा एक नैसर्गिक सूर असतो. तिथं तो कमी कष्टात भरभरून वाजतो. त्याच्या खालीवर अर्धा स्वर चालतो, त्याच्या पलीकडं नेलं की खाली "ना" मऊ पडतो आणि वर आवाज चिरका होतो.

साथीला बाहेर पडणाऱ्यानं निदान दोन तबले ठेवावेत: एक काळी एकचा, एक काळी दोनचा. हेच दोन का, ते बघा. पुरुष गायकांचा षड्ज (सा) बहुधा काळी एक ते काळी दोनच्या टापूत असतो, ते थेट भागतं. बाई काळी चारला गाणार असतील तर काळी दोन हा त्यांचा पंचम (प) होतो आणि काळी एक हा मध्यम (म). काळी पाच असेल तर काळी दोन हा मध्यम. म्हणजे खालच्या षड्जाचा मोठ्या तोंडाचा तबला नसला तरी अडत नाही. फक्त राग विचारून घ्या. मालकंसात पंचम नाही, तिथं मध्यमाचाच तबला हवा. यमनात मध्यम तीव्र, तिथं शुद्ध मध्यमाला लावलेला तबला पहिल्या आवर्तनापासून टोचतो. मारव्यात शुद्ध मध्यमही नाही आणि पंचमही नाही, तेव्हा षड्जाचा तबला नसेल तर तसं आधी सांगून टाकलेलं बरं.

खोड जड आणि कोरडं घ्या. शिसव, खैर, बिबळा, बाभूळ चालतात. हलक्या लाकडाचा तबला दुकानात गोड वाजतो, पण हातोडी बसली की चुंबळीवर फिरतो आणि गुंजही थोडी देतो. डाव्या हाताचा डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा, साधारण तीन किलोच्या पुढं. हलक्या डग्ग्यावर मनगटानं मींड काढायला, म्हणजे सूर घसरवत न्यायला, गेलात की डग्गाच सरकतो.

लावण्याची रीत

पुडीच्या कडेच्या गजऱ्याला सोळा घरं असतात. त्यांतून वादी, म्हणजे चामड्याची पट्टी, खालीवर ओवलेली असते आणि तिच्याखाली आठ लाकडी गठ्ठे असतात. एका गठ्ठ्यावरून वादीचे चार पदर जातात, म्हणजे एक गठ्ठा दोन घरं सांभाळतो. ढोबळ काम गठ्ठ्यांवर करायचं, बारीक काम गजऱ्यावर. पुष्कळ जण सगळंच गजऱ्यावर ठोकून करतात. त्यामुळे एका बाजूनं गजरा खाली बसतो आणि पुडी वाकडी होते.

१. आधी षड्ज कानात भरून घ्या. तानपुरा किंवा त्याचं ॲप सुरू ठेवा. पेटीवरून सूर घेणार असाल तर पट्टी दाबून धरा, नुसती टिचकी नको.

२. तबला फारच उतरला असेल तर गठ्ठे खाली ठोका, पण समोरासमोरच्या जोडीनं: पहिला आणि पाचवा, तिसरा आणि सातवा, मग दुसरा-सहावा, चौथा-आठवा. गाडीच्या चाकाचे नट असेच आवळतात. ओळीनं ठोकत गेलात तर सुरुवातीचे गठ्ठे जास्त ताण घेतात आणि शेवटचे सैल राहतात.

३. आता चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठच्या कातडी पट्टीवर, "ना" वाजवत, तबला चुंबळीवर हळूहळू फिरवत आठही जागा ऐका. अनामिका शाईच्या कडेवर नेहमीसारखीच टेकलेली हवी. लावताना ती जोरात दाबाल तर लावलेला सूर आणि वाजणारा सूर वेगळे होतील.

४. तानपुऱ्याशी बरोबर जुळलेल्या जागा आधी ओळखा आणि त्यांना हात लावू नका. उतरलेल्या जागी गजऱ्यावर वरून खाली ठोका. चढलेल्या जागी हातोडीच्या निमुळत्या टोकानं गजरा खालून वर उचला. दर दुरुस्तीनंतर समोरची जागा परत ऐका, तीही थोडी हलते.

५. हातोडीचा घाव खोडाच्या बाजूनं खाली घसरेल असा तिरका द्या. पुडीकडं कललेला एक घाव पुरतो: चाट फाटते आणि पुडी गेली.

६. लागला असं वाटलं की दोन मिनिटं मोकळ्या हातानं जोरात वाजवा. वादी घरांमध्ये अडकलेली असते, ती आता सरकते आणि सूर थोडा उतरतो. उतरू द्या, मग पुन्हा लावा. ही दोन मिनिटं टाळल्यामुळेच पहिल्या गाण्याच्या मध्यावर हातोडी काढायची वेळ येते.

गठ्ठे पार खाली गेले आणि तरी सूर येत नसेल तर वादी सैल पडली आहे. ती कारागिराकडून ओढून घ्यावी. घरी पक्कड लावून ओढणाऱ्यांच्या हाती वादीचा तुकडा येतो.

डग्गा एका ठरावीक सुराला लावावा की नाही यावर मतं आहेत. आमच्या मते षड्जाला सोडून वेगळाच सूर काढणारा घट्ट डग्गा त्रास देतो, बाकी फार बारीक जाऊ नये. मोकळी थाप मारल्यावर आवाज लांबला पाहिजे आणि मनगट सरकवलं की सूर सहज वर गेला पाहिजे. फार आवळला तर मींड मरते, फार सैल सोडला तर नुसता धबधब आवाज येतो.

पुडी, पाऊस, पावडर

साधा ताणलेला पडदा वाजवला तर त्याचे वरचे स्वर मूळ सुराशी जुळत नाहीत, म्हणून बहुतेक ढोलांना नेमका सूर नसतो. मधल्या शाईच्या वजनामुळे तबल्याचे आणि मृदंगाचे हे स्वर जुळतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये सहलेखकासोबत याच विषयावर लिहिलं होतं. ही शाई लोखंडाच्या कीसाची आणि खळीची, थरावर थर देऊन दगडानं घोटलेली. घोटताना तिला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांमुळेच ती कातड्याबरोबर लवते. आता पावडरचं बघा. हाताला पावडर लावा, पण चिमूटभर, आणि चोळून झटका. शाईवर शिंपडलेली पावडर घामात कालवली जाते, तड्यांत बसते, आणि महिन्याभरात तबला दबका बोलू लागतो. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्यानं पुसा. ओलं फडकं नको, तेल तर मुळीच नको.

जून ते सप्टेंबर कोकणात, गोव्यात आणि मुंबईत कातडं दमट हवा पितं आणि तबला उतरतो. म्हणून रोज गठ्ठे ठोकत बसलात की ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात तोच तबला आपोआप चढतो आणि ताणलेली पुडी एक दिवस न वाजवताच फाटते. पावसाळ्यात कपाटात चाळीस वॉटचा बल्ब तासभर लावून तबला हातभर लांब ठेवा, किंवा पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. शेगडीवर धरणं आणि उन्हात ठेवणं हे दोन उपाय मात्र करू नका. कातडं एकदम आकसतं, शाई आकसत नाही, आणि खपली सुटते. एसी सभागृहातही हेच हळूहळू होतं: तबला चढतो. अशा ठिकाणी अर्धा तास आधी तबला उघडा ठेवून मग लावा. परदेशी हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरांत हवा फारच कोरडी पडते. तिथं खोलीतली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के राखा, नाहीतर खोडालाही चीर जाते. विमानानं नेताना गठ्ठे वर सारून ताण कमी करा. आणि दिवसा उभ्या गाडीच्या डिकीत तबला कधीच ठेवू नका.

पुडी कधी बदलायची? शाईचा कण सुटून बोटाला लागला, किंवा "तिं"च्या शेवटी माशी गुणगुणल्यासारखा आवाज आला, की कार्यक्रमासाठी ती संपली. रियाजाला ती आणखी वर्षभर चालेल. नवी पुडी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चढवू नका. पहिला पंधरवडा ती रोज उतरते.

ठेका

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देऊन विशारद झालेला मुलगा पहिल्यांदा भजनाला बसतो आणि गडबडतो. त्याला त्रितालात चौपट येते, पण भजनी ठेका वीस मिनिटं एकसारखा धरता येत नाही. बोल सोपे आहेत:

धिंऽ नाधिं ऽधिं नाऽ | तिंऽ नातिं ऽतिं नाऽ

गोम अवग्रहांत (ऽ) आहे. तिसऱ्या मात्रेच्या सुरुवातीला काहीच वाजत नाही, "धिं" अर्ध्या मात्रेवर येतो. ती रिकामी जागा पूर्ण थांबून दिली नाही, "धिं" केसभर लवकर आला, की टाळ पुढं पळतात. टाळकरी तुमच्याकडं बघून चालतात, ते पळाले की त्यांना मागं ओढता येत नाही. मग बुवा हात वर करतात, सगळे थांबतात आणि लोक तबल्याकडं बघतात.

रोजची चाळीस मिनिटं रविवारच्या चार तासांपेक्षा जास्त कामाची. त्यांतली पहिली पंधरा ठेक्याची: लेहरा, म्हणजे आवर्तन दाखवणारी पुन्हा पुन्हा वाजणारी धून, मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत लावा, एकच ठेका, एकही तुकडा न वाजवता. फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि फक्त शेवटची दोन मिनिटं ऐका. सुरुवातीला सगळेच बरोबर असतात, लय हलते ती नंतर. पुढची पंधरा मिनिटं एकच बोल, समजा "धिरधिर" किंवा "तिरकिट", ठायीत (संथ) आणि दुगुणीत (दुप्पट). उरलेल्या दहात काय वाटेल ते. आठवड्यातून एकदा लेहरा चाळीसच्याही खाली नेऊन विलंबित एकताल धरा. दोन मात्रांमधल्या त्या मोकळ्या जागेत हात चुळबुळतात. न भरता ती जागा सांभाळणं हाच रियाज.

लय कुठं वाढते हे माहीत असलं की धरता येते. तीन ठिकाणी वाढते: तिहाईनंतर (एकच ओळ तीनदा वाजवून) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पोचल्याच्या आनंदात, लग्गीचे जलद बोल सोडून परत ठेक्यावर येताना, आणि टाळ्या पडल्या की. तिहाई संपली की पुढचं अर्धं आवर्तन मुद्दाम साधं आणि हळू आवाजात वाजवा.

तिहाईचं गणित पाठ करण्यापेक्षा मोजायला शिका. "तिट कत गदि गन धा" ही पाच मात्रांची ओळ घ्या. सलग तीनदा घेतली की पंधरा मात्रा. शेवटचा "धा" समेवर, म्हणजे सतराव्या मोजणीला हवा, तर सोळा मात्रांच्या त्रितालात तिसऱ्या मात्रेपासून उचला. दोन ओळींच्या मध्ये एकेक मात्रेचा दम (थांबा) दिला तर सतरा मात्रा होतात, म्हणून थेट समेपासून उचला. अर्ध्या मात्रेचा दम दिला तर सोळा, दुसरीपासून. तेच बोल, तीन जागा. गाणं चालू असताना तुम्हाला फक्त कुठून उचलायचं ते हवं असतं.

आणि गायक शब्द म्हणत असताना तिहाई नको. थोर तबलावादक अहमदजान थिरकवा गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांची साथ करत. एवढ्या तोलामोलाच्या सोलोवादकानं पदाखाली ठेका धरला, मग आपण अंतऱ्यात हात आवरायला काय हरकत आहे? ओळ संपून गायक श्वास घेतो ती जागा तुमची, आणि तीही दर वेळी नाही. आलाप चालू असताना हातोडी उचलणं तर अक्षम्य.

स्टेजवर

दोन माइक मिळाले तर तबल्याचा चाटेच्या बाहेरून पाच-सहा इंचांवर, शाईकडं तिरका. डग्ग्याचा थोडा लांब. एकच मिळाला तर दोघांच्या मध्ये पण तबल्याकडं झुकलेला, कारण डग्गा तसाही पोचतो. डग्गा घुमून शिट्टी मारू लागला की हात हळू करू नका, साउंडवाल्याला बास कमी करायला सांगा. मॉनिटरमध्ये स्वतःचा तबला कमी आणि गळा-पेटी जास्त मागा. स्वतःचा आवाज वाढवून घेणारे हळूहळू जोरात वाजवू लागतात, आणि आठवड्यात चार कार्यक्रम असतील तर हाताला ते महागात पडतं.

बिदागी, प्रवास आणि जेवण फोनवरच ठरवा, आणि लगेच तारखेसह एक संदेश पाठवून ठेवा. "बघू नंतर" म्हणणाऱ्याकडून नंतर काही येत नाही. सूर आणि गाण्यांची यादी त्याच फोनवर विचारा.

हात, पाठ, कान

बसताना बुडाखाली तीन-चार इंचांची घट्ट उशी घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतात आणि कंबर मागं कोसळत नाही. तबला तुमच्यापासून किंचित पुढं कललेला असावा. तो सपाट असेल तर मनगट वर मुडपून वाजवावं लागतं. खांदे कानाकडं चढले की थकवा बोटांत येतो आणि लोक बोटांचे व्यायाम करत बसतात. आरशासमोर दहा मिनिटं वाजवलं की खांदा पकडला जातो. गुडघे बोलू लागले तर तबल्याचा स्टँड घेऊन खुर्चीवर बसा. त्यात कमीपणा काही नाही.

नखं एक दिवसाआड कापा. थंडीत तर्जनीची कातडी भेगाळते. रात्री पेट्रोलियम जेली लावा, पण वाजवण्याआधी साबणानं धुऊन टाका.

दमलेला हात आणि दुखावलेला हात यांत फरक करा. दंड भरून येणं, तळवा तापणं हे दमणं, रात्रीत जातं. मुंग्या येणं, वस्तू हातातून निसटणं हे वेगळं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मनगटातली नस दाबली जाते, आणि मींडेसाठी तासन्तास टेकवलेल्या डाव्या मनगटात ते जास्त बघायला मिळतं. करंगळी-अनामिका बधिर होत असतील तर गडबड बहुधा कोपराकडं. दोन्ही वेळा "रियाजानं जाईल" हे औषध चुकीचं आहे. वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. लवकर दाखवलं तर बरेचदा पट्टा आणि विश्रांतीवर भागतं.

तबल्यानं कान जात नाहीत, स्टेजवरच्या स्पीकरनं जातात. गणपतीत ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्यांचे तर नक्कीच. हिशेब असा धरतात: ८५ डेसिबल आठ तास सोसवतो, आणि दर तीन डेसिबलला वेळ अर्धा होतो. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. घरी आल्यावर कानात शीळ वाजत असेल तर त्या रात्री मर्यादा ओलांडली. वादकांसाठीचे इअरप्लग सगळे सूर सारखे कमी करतात, त्यामुळे वाजवता येतं. कापसाचा बोळा फक्त वरचे सूर खातो आणि आवाजही पुरेसा अडवत नाही. कान गेला की तबला लावता येत नाही.

पन्नाशीनंतर गती थोडी उतरते. ती जोर लावून परत आणायला जाऊ नका. हात पुडीपासून किती वर उचलला जातो ते बघा. चार इंच असेल तर दोनवर आणा, अर्धी गती तिथंच परत मिळते. सुरुवातीची दहा मिनिटं अगदी ठायीत वाजवल्याशिवाय द्रुतकडं वळू नका.

पुडी वर्ष-दोन वर्षांत बदलते, वादी चार-पाच वर्षांत, खोड मात्र दोन पिढ्या जातं. जुना तबला कुणाला देण्याआधी पुडी उतरवली असेल तेव्हा खोड उलटं करून आत टॉर्च मारा. तळाशी पिठासारखा भुसा दिसला तर कीड लागली आहे. भोकांत औषध सोडून महिनाभर दुसऱ्या वाद्यांपासून लांब ठेवा. काठाला चीर असेल तर नखानं तपासा: नख अडकलं तर कारागिराकडं न्या, नाही अडकलं तर तशीच नवी पुडी चढवून घ्या.